बारा फूट खोल

गुंतवणूक प्रोत्साहन कार्यालयातल्या आरेखकाच्या घरी गेले सहा दिवस जेवणाच्या टेबलावर कुणी जेवलं नव्हतं. तिथे नव्या औद्योगिक वसाहतीचं मॉडेल वाळत होतं. नऊ वर्षं हा गडी कंत्राटावर होता, आणि एक बडी कंपनी इथे कारखाना टाकायला तयार झाली की तुम्हाला कायम करतो, असा शब्द साहेबांनी दिला होता.

सातव्या दिवशी सकाळी सासरेबुवा चष्मा शोधत टेबलाशी आले आणि त्यांच्या कोपराने निळा रंग कालवलेली वाटी प्लॉट क्रमांक चौदाच्या शेजारी उपडी केली. जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. अकराला कार्यालयात कंपनीची माणसं हे मॉडेल बघायला येणार होती.

सासरेबुवांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेलेली. त्यांनी मान तिरकी करून डाग न्याहाळला. "जावईबापू, पुसत बसू नका, पसरेल. कडेनं चार झाडं चिकटवा. तळं म्हणून खपून जाईल."

झाडं चिकटली. आरेखकाच्या छोट्या मुलीने तळ्यावर कागदाची होडी सोडली, ती काढायचं कुणाला सुचलं नाही.

कंपनीच्या बाईंनी मॉडेलवरचे रस्ते पाहिले, वीज पाहिली, करातली सूट ऐकली आणि शेवटी त्या निळ्या डागावर बोट ठेवून विचारलं, किती खोल आहे? साहेब ते तळं जन्मात पहिल्यांदा पाहत होते. पण गुंतवणूकदाराला 'माहीत नाही' म्हणायचं नाही, असं परिपत्रकच होतं.

"बारा फूट," साहेब म्हणाले. "हिवाळ्यात पक्षी येतात."

बाईंनी ते वहीत टिपून घेतलं आणि महिन्याभराने जागा बघायला येते म्हणाल्या.

त्या गेल्यावर आरेखकाने सासऱ्यांच्या कोपरासकट सगळं खरं सांगून टाकलं. बाईंना तळं आवडलंय यात साहेबांना शंका नव्हती. न आवडलेल्या गोष्टीची खोली कोण विचारतं? मॉडेल आता जागेसारखं करता येणार नव्हतं, तेव्हा जागाच मॉडेलसारखी करायचं ठरलं. एरवी फाइलीला शेजारच्या टेबलावर जायला दोन महिने लागतात; ही चार दिवसांत मंजूर होऊन आली. यंत्रं आली, खड्डा झाला, टँकरनी पाणी सोडलं, होडीही आणली. सासरेबुवा रोज काठावर उभं राहून न मागितलेले सल्ले देत होते. पक्ष्यांचं तेवढं काही जमलं नाही.

ठरल्या दिवशी बाई येऊन काठावर उभ्या राहिल्या.

"म्हणजे खरंच आहे तर," बाई म्हणाल्या. "महिनाभर मला याचीच काळजी होती. आमची यंत्रं नाजूक, त्यांना ओल अजिबात चालत नाही. हे तळं नसतं तर मी आजच सही केली असती."

साहेबांची पापणीही लवली नाही. "पंधरा दिवसांत बुजवून देतो."

सरकारी माणूस पंधरा दिवस म्हणतो आणि ते खरे करतो, हे बघून बाईंनी सोळाव्या दिवशी सही केली.

त्याच आठवड्यात आरेखकाच्या हातात कायम नेमणुकीचा कागद पडला. आनंदाने त्याचे डोळे भरून आले, त्यामुळे पदाचं नाव दुसऱ्यांदा वाचताना कुठे नीट दिसलं: तळे निरीक्षक. आरेखकाचं कायम पद कधी मंजूरच नव्हतं. तळ्याच्या प्रस्तावाबरोबर मात्र एक पद आपसूक मंजूर झालं होतं.

"पण साहेब, तळं बुजलं. मग पदही जाणार ना?"

"तळं बुजवलं आपण. ते कागदावरून काढायचं काम दुसऱ्या खात्याचं," साहेब म्हणाले. "तिथून कागद येईपर्यंत तुम्ही पेन्शनीत निघाल."

आता तो रोज सकाळी कारखान्याच्या फाटकाशी जातो, पहारेकऱ्याशी दोन शब्द बोलतो आणि नोंदवहीत पाण्याची पातळी लिहून येतो. टेबल मोकळं झाल्यामुळे सगळे पुन्हा एकत्र जेवायला बसतात, आणि सासरेबुवा न चुकता विचारतात, "जावईबापू, आज पाणी किती?"

"बारा फूट," तो म्हणतो. "आणि पक्ष्यांच्या दाण्यांची तरतूद मंजूर झाली."