संवादांवर बसलेला साहेब

ऑगस्ट १९९८, शुक्रवार. नाटकाची तालीम, दुबईतल्या आमच्या करामा भागातल्या घरी. हजर: दिग्दर्शक देशमुख, क्रांतिकारक झालेले दोन इंजिनिअर, चहाला सुनीतावहिनी, इथल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी म्हणून मी, आणि स्वतःच्या संवादाच्या कागदावर फरशीवर बैठक मारलेला अर्कादी.

कागद त्याच्या हातून पडला होता. वहिनी तो उचलून कपाळाला लावणार, तोवर हा त्यावर बसलासुद्धा. "अहो, सरस्वती आहे ती," वहिनी कळवळल्या. त्याने शांतपणे समजावलं, की रशियन नटाच्या हातून भूमिकेचा कागद पडला तर लगेच त्यावर बसायचं, नाहीतर भूमिका जाते.

अर्कादी आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. जन्म व्होल्गाकाठचा, हयात नाटक-सिनेमात गेलेली. सोनेरी केस आणि धारदार नाक, त्यामुळे युद्धपटात कायम जर्मन अधिकारी, आणि कायम अर्ध्या सिनेमाच्या आत ठार. देश मोडला, थिएटरचे पगार थांबले, तेव्हा तो इथल्या देरा बाजारात फरच्या कोटांच्या दुकानात लागला. दुबईत फरचे कोट घेतं कोण, असं मीही विचारलं होतं. रशियातून विमानं भरून गिऱ्हाईक यायचं. बाहेर माणसं घामाने निथळत असताना अर्कादी काउंटरमागे कुडकुडायचा, हातांवर फुंकर घालायचा, आपल्याकडची बाई आली की "बहुत ठंडा, मादाम" म्हणायचा. एकदा त्याला बघून मलाच हुडहुडी भरली. ह्यांनी किंमत ऐकली, तिचे मोठ्याने रुपये केले आणि मला बाहेर काढलं.

मंडळाच्या नाटकात गोरा साहेब असला की कुलकर्णी पावडर थापून उभे राहायचे. यंदाच्या दिवाळीला अस्सल गोरा मिळाला. वाक्य एकच: "कोण आहे तिकडे?" मग गोळी. हे वाक्य तो लिफ्टमध्ये म्हणायचा, फोनवर म्हणायचा, आणि आमची बेल स्वतः वाजवून दार उघडायच्या आत म्हणायचा.

अडचण होती मरण्याची. गोळी लागली की तो टेबलावर आदळायचा, खुर्ची धरायचा, सावरायचा, पुन्हा कोसळायचा. देशमुखांचा धंदा कॉन्ट्रॅक्टिंगचा, त्यांना उशीर खपत नाही. "साहेब, मरा आता. यल्ला, लवकर. पुढचा प्रवेश खोळंबलाय."

चहा देताना मी विचारलं, पटकन मरायला काय होतं?

"मर गया तो छुट्टी, मादाम," तो म्हणाला. "सब बोलता, घर जाओ. घर में कौन है?"

मी देशमुखांशी बोलून त्याच्या मरणाला मुदतवाढ मिळवली.

मग रशियात रुबल कोसळला. विमानं रिकामी यायला लागली, दुकान बंद झालं, व्हिसा खलास. नाटक तोंडावर असताना अर्कादी बॅग घेऊन दारात उभा राहिला. प्रवासाआधी सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं, ही त्यांची रीत. आम्ही सोफ्यावर बसलो. त्याने खिशातून तो कागद काढला, मुद्दाम फरशीवर टाकला आणि त्यावर बसला.

 या वेळी वहिनी सोफ्यावरून उतरून त्याच्या शेजारी खाली बसल्या.

उठताना त्याने कागद झटकून पुन्हा खिशात घातला.

दिवाळी पुढच्या आठवड्यात आहे. नारळ आणला, हार सांगितले, ऊद मेथा भागातल्या हॉलची चावी मिळाली. कुलकर्णी पावडरचा डबा घेऊन दोनदा येऊन गेले. साहेब कोण करणार, हे मला देशमुखांना अजून कळवायचं आहे.