आडवी नेलेली उंची

आश्रुबानं मोबाइलवर तिसऱ्यांदा गुणाकार केला आणि तो खाटेवर मटकन बसला. उद्या बीडला पोलीस भरतीत त्याच्या आम्रपालीची उंची मोजणार होते. मुलींना एकशे पंचावन्न सेंटिमीटर लागतात, आणि बायको विमलबाईच्या शिलाईच्या टेपानं पोरगी भरली होती एकसष्ट इंच.

"इंचाला दोन पूर्णांक चोपन्न. झालं एकशे चोपन्न पूर्णांक चौऱ्याण्णव! केसाएवढं कमी पडतंय गं!"

"मग केसं वर बांदू की," विमलबाई म्हणाली.

"तितं केसं दाबून मोजतेत!"

माणूस सकाळी उंच असतो आणि दिवसभर उभं राहून दबतो, असं आश्रुबानं कुठंतरी ऐकलं होतं. बुडत्याला काडीचा आधार! पोरगी वर्षभर पहाटे पळत होती. तिला पळताना बघून त्याचा ऊर भरून यायचा. असली वाघीण केसाच्या अंतरानं परत यावी? सकाळी त्यानं टेम्पोत गादी घातली, तिला आडवं केलं आणि चहासुद्धा बशीनं पाजला.

"आबा, मी पुढं बसते की."

"गप पड. उटलीस की दबशील."

वेशीवर पानटपरीवाल्या उत्तरेश्वरनं हे पाहिलं. त्याला परोपकाराची भारी हौस. काही न विचारता त्यानं मोटारसायकल पुढं घातली, "सरका, पेशंट हाय!" असं ओरडत. बीडची गर्दी भराभर फाकली. मोकळा रस्ता मिळाल्यानं आश्रुबा खूश होऊन मागोमाग गेला, आणि टेम्पो थांबला तो थेट दवाखान्याच्या दारात. आश्रुबा खाली उतरेपर्यंत दवाखान्यातल्या दोघांनी आम्रपालीला अलगद स्ट्रेचरवर घेतलं.

"सलाईन लावा!" कोणीतरी म्हणालं.

आम्रपालीनं घड्याळ पाहिलं, टुणकन उडी मारली आणि मैदानाकडं धूम ठोकली.

"अगं पळू नको! दबशील!" मागं आश्रुबा.

"अरं, पेशंट पळाला!" त्याच्या मागं उत्तरेश्वर.

आश्रुबा धापा टाकत फाटकाशी पोचला, तोवर ती आत गेली होती. दुपारपर्यंत तो आणि उत्तरेश्वर फाटकाशीच थांबले. अखेर ती आली, धुळीनं माखलेली, हसत.

"उंची?"

"एकशे सत्तावन्न. पळण्यात बी पयली आले."

"पळून वाढलीस का काय?"

"आईचा टेप बगा की. ओढून ओढून ताणलाय त्यो, समदेच कमी भरतेत त्यात. मी कॉलेजात कवाच मोजून घेतलं हाय."

"मग आदी बोलली कावून न्हाईस?"

"बोलणार हुते. पण रोज पाचाला उटून पळते. एक दिस बाप गादीवर घालून न्हेतोय, वर चहा पाजतोय, तर कोण बोलंल?"

आश्रुबा उत्तरेश्वरकडं वळला. दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन आली, पण पोरीनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नव्हतं!

"उत्तरेश्वरा," तो म्हणाला, "हिच्या पोटातलं चोराला तरी कळंल का? पोलीसच हाय ही!"

परतताना टेम्पो आम्रपालीनं चालवला. आश्रुबा मागं गादीवर आडवा पडला होता. आयुष्यात एवढा तो कधी पळालाच नव्हता.