लेकीच्या घरचं पाणी

धोंडिबाकडून सूप विकत घ्यायचं म्हणजे आधी मुलाखत द्यावी लागे. राजूरच्या बाजारात मी पहिल्यांदा त्याच्यासमोर उभी राहिले आणि "सूप केवढ्याला?" असं विचारलं, तर त्याने किंमत सांगितलीच नाही. उलट मलाच विचारलं, "घरात उंदरं हायेत का?"

"आहेत थोडे."

"सारवायला शेन मिळतं?"

"मिळतं."

"मालक तापट हायेत का? रागात भांडीकुंडी फेकत्यात?"

"अहो, मला सूप घ्यायचंय. सोयरीक नाही जुळवायची."

"तेच की बाई," असं म्हणून त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी पास झाले असावे. कारण त्याने मागच्या चळतीतून एक सूप काढलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवलं. "संभाळा. पोर गुनाची हाय."

तेव्हा ह्यांची बदली नुकतीच राजूरच्या वर, डोंगरातल्या एका शाळेवर झाली होती. मी नगर शहरात वाढलेली. सूप हे सूप असतं, एवढंच मला ठाऊक. त्या दिवशी मी एक टोपलीही घेतली आणि घरी आले. आपण दोन सुना आणल्या आहेत याची मला कल्पना नव्हती.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी धोंडिबा आमच्या पडवीत हजर! खांद्यावर कोयता, कमरेला पाण्याचा वाळका भोपळा. "लेक नांदती हाय का?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. मग सूप बाहेर आणायचं, टोपली उलटी करून दाखवायची. सुपावर मेथी कालवून शेणाचा हात दिला नसेल तर मला बोलणी बसत. एखादी कामटी निघाली असली तर तो तिथेच मांडी घालून नीट करी, पैसे विचारले की जीभ चावी. "माहेरच्या मान्सानं पैकं घ्यायचं असत्यात व्हय?"

गावात कोणालाच याचं नवल नव्हतं. कळक तोडून आणायचा, चिरून त्याच्या पातळ पट्ट्या, म्हणजे बेळ काढायचे, विणायचं आणि विणलेली वस्तू चांगल्या घरी पडेल हे बघायचं, असा त्याचा संसार. बायको कधीच गेलेली. एका हॉटेलवाल्याने कोळशासाठी टोपली मागितली तेव्हा धोंडिबाने भर बाजारात त्याला सुनावलं होतं, "पोर काळी करून धाडशील मला!" ती टोपली त्याने शेवटी एका म्हातारीला दिली, फुलं विकायला.

मला मात्र एक गोष्ट खटकायची. हा माणूस डोंगर चढून उन्हात यायचा, तासभर बसायचा, पण आमच्या घरचं पाणी घ्यायचा नाही. तहान लागली की भोपळा तोंडाला लावायचा. मला वाटलं, संकोचतोय. एकदा मी तांब्या त्याच्यापुढे ठेवून स्पष्टच म्हटलं, "धोंडिबा, आमच्याकडे तसलं काही नाही हो. खुशाल प्या."

तो गोंधळला. मग दात नसलेलं तोंड उघडून हसला. "तसं न्हाई बाई. लेकीच्या घरचं पानी कसं पिऊ? तिला मूलबाळ हुईस्तवर बापानं पिऊ न्हाई."

"कुठली लेक?"

त्याने सुपाकडे बोट दाखवलं.

मी हसत सुटले. पण त्याचे नियम पक्के होते. सुपात घरच्या शेतातले नवे तांदूळ पाखडले की सुपाला मूल झालं. आमचं शेत कुठलं? मी म्हटलं, दुकानातले तांदूळ पाखडते की रोज. धोंडिबाने मान हलवली. "त्ये दत्तक. त्ये न्हाई चालत."

हसले खरी, पण त्या रात्री मला वडिलांची आठवण झाली. माझे वडील नगरच्या कोर्टात शिरस्तेदार होते, नुकतेच निवृत्त झालेले. दर गोष्टीला "दाखला काय?" विचारायची त्यांची सवय. लग्नाला तीन वर्षं होऊन गेली होती आणि मला मूल नव्हतं. वडील भेटायला यायचे ते थर्मास आणि दशम्यांचा डबा घेऊन. माझ्या पडवीत बसून आईच्या हातचा चहा प्यायचे. मी समोर बसून बघायची. कोणी मला वाईट बोलत नव्हतं. पण तो थर्मास बोलायचा.

त्या हिवाळ्यात आमची कोंबडी धोंडिबाच्या टोपलीत अंड्यांवर बसली. पिल्लं निघाली त्याच आठवड्यात वडील आले आणि नेमका बाजाराचा दिवस असल्यामुळे धोंडिबाही आला. टोपलीतली ती पिवळी चिवचिव बघून म्हातारा अक्षरशः नाचला. "बाई, पानी आना! आजा झालो!" आणि घटाघटा तांब्या रिकामा केला.

मग त्याचं लक्ष वडिलांकडे गेलं. ते थर्मासचं झाकण उघडत होते.

"दादा, तुमी बी बापच व्हय?" धोंडिबाने विचारलं. वडिलांनी मान डोलावली. मग धोंडिबा म्हणाला, "माझी लेक ह्याच घरात नांदती. तुमची बी ह्याच घरात. मग दोघी जावा झाल्या का न्हाई? जावंची पोरं ती आपलीच. तुमी बी आजा झाला की!"

"याला दाखला काय?" वडील सवयीने म्हणाले.

धोंडिबाने टोपलीत हात घातला आणि एक पिल्लू वडिलांच्या तळहातावर ठेवलं. "ह्यो घ्या दाखला."

वडील त्या पिल्लाकडे बघत राहिले. पिल्लू त्यांच्या हातावर घाण करून मोकळं झालं. वडिलांनी थर्मासचं झाकण लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाणी आण गं."

मी आत गेले आणि माठाजवळ उभी राहून आधी रडून घेतलं. धोंडिबाचे उपकार मी कशाने फेडणार होते?

त्याला निरोप देताना मी विचारलं, "धोंडिबा, खरी लेक आहे का हो तुम्हाला?"

"हाय. गंगू. शेवगावकडं दिलीया." तो कोयत्याच्या मुठीशी चाळा करू लागला. "तिचं बी तुमच्यावानीच. लई साल झाली. मी दरसाल जातो, ह्यो भोपळा घिऊन. ती तांब्या भरून ठिवती. मी न्हाई म्हन्तो. ती उचलून आत नेती."

"तिच्याकडे टोपली नाही का तुमची?"

"लग्नातच दिली की. पर खऱ्या लेकीला ह्ये लटकं कसं चालवू, बाई?"

"माझ्या वडिलांना चाललं."

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी तो दारात उभा होता. माझी दुसरी कोंबडी तेव्हा खुडूक झाली होती. मी ती त्याला दिली, भुश्शात नीट बसवून अंडी दिली. कोंबडी बगलेत धरून धोंडिबा उतारावरून एस.टी. गाठायला निघाला.

किती बाजार गेले, धोंडिबा नाही. दुष्काळाचं वर्ष. शेवगावकडे प्यायच्या पाण्याचे हाल आहेत, असं येणारे-जाणारे सांगत. मला काळजी वाटू लागली. हे म्हणत, "येईल गं. त्याच्या सुपाला सोडून जातोय कुठे?"

आणि एका दुपारी पडवीतून आवाज आला, "लेक नांदती हाय का?"

उन्हाने रापला होता. पिल्लं निघेपर्यंत शेवगावातच जातभाईकडे राहिला, दुष्काळी कामावर माती वाहायच्या पाट्या विणून पोट भरलं, म्हणाला. कंडक्टरने कोंबडीचं तिकीट मागितलं म्हणून वाटेत भांडलासुद्धा. मी तांब्या आणला. त्याच्या कमरेला भोपळा नव्हता.

"भोपळा कुठाय?"

"गंगूकडं ऱ्हायला. आता काय कामाचा?"

"मग प्यालात तिच्याकडे?"

"प्यालो."

"दुष्काळात हो! किती प्यालात?"

"लांबनं आनलं हुतं तिनं, डोईवर," धोंडिबा म्हणाला. "पुरं म्हनावं वाटलं. पर ती वतत हुती तवर पीत ऱ्हायलो."

मग त्याने सूप मागितलं. सुपाची कड चांगली शाबूत होती, मी नेमाने सारवत होते. तरी तो बराच वेळ ते तोंडासमोर धरून बसला.