घरच्या घरी केलेल्या टेबलाच्या स्थैर्याबाबत

मनुष्याने स्वतःच्या हाताने बनवलेली कोणतीही वस्तू पाहुण्यांनी "वा!" म्हटल्याशिवाय पूर्ण झाली, असे समजण्यात येत नाही. सुतार वस्तू बनवतो आणि घरी जातो. हौशी माणूस वस्तू बनवतो आणि लोकांना जेवायला बोलावतो.

आमचे साडू निवृत्त झाल्यापासून दिवसभर खिडकीत गप्प बसून असत. मग त्यांनी करवत आणली आणि घरात पुन्हा संवाद सुरू झाला (मुख्यतः "अहो, बोट सांभाळा!" एवढाच, पण झाला). पहिल्या टप्प्यात पक्ष्यांसाठी घर तयार झाले. पक्ष्यांचा निर्णय अद्याप प्रलंबित आहे. दुसऱ्या टप्प्यात जेवणाचे टेबल.

टेबलाला पाय चार. त्यांपैकी पंचाहत्तर टक्के जमिनीला टेकतात, जे पहिल्या प्रयत्नाच्या मानाने उत्तमच म्हटले पाहिजे. न टेकणाऱ्या पायालाही पॉलिश तेवढेच केले आहे. साडूंच्या मनात दुजाभाव नाही.

उद्घाटनाच्या जेवणाला मेव्हणीने मला दारातच गाठलं. "भावोजी, आज जरा सांभाळून घ्या हं. ते डगमगलं ना, तर हे पुन्हा खिडकीत जाऊन बसतील."

मी शब्द दिला आणि खुर्चीवर बसताच गुडघाही दिला. कृती सोपी आहे: उजवा गुडघा फळीखाली लावावा, टाच उचलावी, चेहरा प्रसन्न ठेवावा. सूप आले. एकाही वाटीत तरंग उठला नाही. साडूंनी टेबलावर थाप मारली.

"बघा! हलतंय का जरा तरी?"

"छे! दगड आहे दगड," शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पंखा सुरू असूनही त्यांना घाम आला होता.

मंडळी विलक्षण ताठ बसून जेवत होती. लांबच्या भांड्याला कुणी हात घालेना. दुसऱ्यांदा वाढून घ्यायला सगळ्यांनी नकार दिला. इतक्यात माझा चमचा पडला. गुडघा न हलवता (हे शिकवून येत नाही) मी खाली वाकलो आणि पाहतो तो काय, प्रत्येकाचा गुडघा फळीला लागलेला! मेव्हणीने दारात सगळ्यांनाच गाठलं होतं. चौथा पाय निखळून सतरंजीवर आडवा पडला होता आणि मेव्हणी पायाने तो हळूहळू कपाटाखाली सारत होती.

मी वर आलो. म्हणालो, "असं टेबल बाजारात मिळायचं नाही." या विधानात खोटे काहीही नाही.

साडूंचे डोळे भरून आले. "मला वाटलं होतं, तोंडदेखलं कौतुक करून निघून जाल. पण कुणी उठायलाच तयार नाही!" आणि त्या आनंदात त्यांनी प्रत्येकाला एकेक टेबल करून द्यायचं जाहीर केलं. खरं सांगतो, मलाही गहिवरून आलं. त्या क्षणी घरात त्यांच्याइतका सुखी माणूस दुसरा नव्हता, आणि मांड्या आखडलेले आम्ही बाकीचे त्यांच्या खालोखाल.

तुम्हाला हसू येतंय. येऊ द्या. फक्त तुम्ही स्वतः भिंतीवर ठोकलेलं ते शेल्फ आठवा, आणि ते बघायला बोलावलेली संध्याकाळ. सगळे बसले होते. तुमचे मेहुणे तेवढे पूर्ण वेळ त्याच्याखाली, मान ताठ ठेवून, भिंतीला टेकून उभे होते. तुम्ही त्यांना "अहो, बसा ना" म्हणत होतात आणि ते म्हणत होते, "नको, इथंच बरं आहे."