पाच गोधड्या आणि माझं नीटनेटकं लेबल

आधीच सांगते, आमच्या घरात नीटनेटकेपणा म्हणजे मी! डब्यांवर लेबलं, वायरींवर लेबलं, नवऱ्याच्या मोज्यांच्या खणावरसुद्धा लेबल! त्यामुळे सासूबाईंच्या गोधड्या हस्तकला प्रदर्शनात ठेवायचं ठरलं आणि 'प्रत्येक वस्तूवर करणाऱ्याच्या नावाचं लेबल हवं' हा नियम वाचला, तेव्हा मला कोण आनंद झाला!

सासूबाई चाळीस वर्षं गोधड्या शिवतायत, पण घराबाहेर त्या कुणी पाहिलेल्या नाहीत. आता त्यांची नजरही अधू झालीय. "एकदा चार लोकांनी बघाव्यात गं," एवढंच म्हणाल्या आणि आठवडाभर लेकीकडे राहायला गेल्या.

मी लागले कामाला. पांढऱ्या कापडावर निळ्या दोऱ्याने त्यांचं नाव, खाली वर्ष, भोवती वेलबुट्टी! लावायला म्हणून कोपरा उलटला, तर तिथे तीन लाल टाके. त्यातला मधला चक्क वाकडा! दुसऱ्या गोधडीला तेच, तिसरीलाही तेच. बिचाऱ्यांना दिसत नाही, हात चुकत असणार! मी बारीक कात्रीने पाचही गोधड्यांचे लाल टाके उसवले, शेजारी लेबलं शिवली, वरून इस्त्री फिरवली आणि स्वतःचीच पाठ थोपटली.

प्रदर्शनाच्या दिवशी सासूबाई लेकीकडून थेट हॉलवर आल्या. परीक्षक बाई वही घेऊन उभ्याच होत्या. सासूबाईंनी पहिल्या गोधडीचा कोपरा अंगठ्याने चाचपला.

"ही माझी नाही."

"अहो आई, तुमचीच आहे!"

त्यांनी दुसरी चाचपली. "हीपण नाही."

"आजी, नाव तर तुमचंच आहे," परीक्षक बाई म्हणाल्या.

"नाव काय, कुणीही लावेल! माझी खूण कुठाय? पण जिने कुणी शिवलीय ना, तिचा हात छान आहे हो!"

नवरा माझ्या कानाशी पुटपुटला, "विकत आणल्यास की काय?"

"डोकं फिरलंय का तुझं!"

परीक्षक बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "दुसऱ्याची वस्तू असेल तर नोंद रद्द करावी लागेल."

"कराच रद्द! लोकांच्या कष्टावर मला नाव नको."

"थांबा!" मी किंचाळलेच. अख्खा हॉल वळून बघायला लागला. "ते लाल टाके मी उसवले! मला वाटलं, चुकून पडलेत!"

सासूबाईंनी त्या कोपऱ्यावरून पुन्हा अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "माझी सही होती गं ती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

परीक्षक बाईंनी चष्मा सरसावून कोपरा निरखला. सुईची सहा बारीक भोकं तिथे अजून शाबूत होती! सासूबाईंनी लाल दोरा मागितला. मी सुईत ओवून दिला. त्या तिथेच खुर्चीत बसल्या आणि नुसत्या बोटांनी भोकं शोधत पाचही सह्या पुन्हा केल्या. मधला टाका प्रत्येक वेळी तसाच वाकडा! भोवती ही गर्दी! नोंद राहिली. माझ्या वेलबुट्टीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

घरी आल्यावर त्या मला चकार शब्द बोलल्या नाहीत. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि जुन्या कपड्यांचा भलामोठा ढीग पुढ्यात टाकला.

"नवी गोधडी घालायचीय. एवढ्या सगळ्या शिवणी उसवून दे," त्या म्हणाल्या, "उसवण्यात तुझा हात चांगला बसलाय."