बोदवडचा मुराळी

ताईबाईच्या दोन आखाज्या सासरीच कोरड्या गेल्या, त्याला कारण सासरचं गाव, धुळं. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, मुराळी धाडून लेक माहेरी आणायची, झोक्यावर बसवायची, ही खानदेशाची रीत. पण भडगावजवळच्या त्या खेड्यात धुळ्याला जायची छाती कोणाची होईना. एकतीस सालच्या आधी गावातून एकटा लोटन तेवढा तिथं जाऊन आला होता, कोर्टात साक्षीला. येताना एकाच पायात वहाण होती, आणि तेव्हापासून धुळ्याची सगळी माहिती तोच पुरवी. तिथले चोर म्हणे चालत्या गाडीचे बैल सोडून नेतात आणि गाडीवान घटकाभर नुसताच हाकत बसतो!

त्या एकतीस साली मात्र ताईबाईच्या आईनं, तानुबाईनं, चुलीपुढून ठणकावलं, "ताईबाई उनी नही ते मी जेवाव नही." तेव्हा उखर्डूआबांनी मुकाट्यानं मुलाला गाडी जोडायला लावली.

"झुलाल, ध्यान दे. धुयामा बठ्ठा भामटा शेतस. कोनले खरं नाव सांगू नको, गाव सांगू नको. कोनाकडे जास हाई ते मुळीच सांगू नको!"

झुलाल मोठा आज्ञाधारक, हेच नडलं. त्यानं वाटेतच पक्कं केलं: नाव धनसिंग, गाव बोदवड. बोदवड हे त्याला ठाऊक असलेलं सगळ्यात लांबचं गाव होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलांचे कासरे मनगटाला गुंडाळून तो धुळ्यात शिरला. बहिणीचा बोळ सापडला, घर काही सापडेना, आणि विचारायची तर सोय नाही. चौथ्यांदा गाडी त्याच बोळातून निघाली तेव्हा ओट्यावर राखुंडीनं दात घासत बसलेले जीवराम कारकून खाली उतरले.

"कोण पाव्हणे?"

"धनसिंग."

"गाव?"

"बोदवड."

जीवरामांची राखुंडी सांडली. त्यांची बायको धुरपदाबाई बोदवडची. मेहुण्याशी पाच वर्षांचा अबोला, म्हणून पाच वर्षांत तिला मुराळी नव्हता.

"मुराळी म्हणून आलात?"

झुलालनं मान हलवली.

"कोणाकडे?"

झुलालनं ओठ घट्ट मिटले. जीवराम समजायचं ते समजले. मेहुणा स्वतः यायचा नाही, पण माणूस धाडील; वर कोणाचं नाव घेऊ नको अशी ताकीदही देईल. स्वभावच तसा मेल्याचा!

"अगं, ऐकलंस का? तुझ्या भावानं माणूस पाठवलाय. घरची रेल्वे असल्यासारखे सगळे रेल्वेनं फिरतात, आणि हा बोदवडहून बैलगाडीनं!"

धुरपदाबाई पदराला हात पुसत धावत आली. "पाच दिवस गाडी हाकली व्हय रे? माह्या भाऊले इतकी माया!" आणि तिला रडूच कोसळलं. मग डोळे पुसून म्हणाली, "पण तुही बोली काही बोदवडची वाटत नाही."

"पाच दिवसमा बदलनी," झुलाल म्हणाला.

त्याला शिरा दिला. शिऱ्यात गुंगीचं औषध असतं, हे लोटननं बजावलं होतं. पण अन्नाला नाही कसं म्हणायचं? दोन वाट्या खाऊनही गुंगी येईना, तेव्हा त्यानं तिसरी मागितली.

तोवर धुरपदाबाई गाठोडं घेऊन गाडीत जाऊन बसली होती. झुलालची पंचाईत झाली. खरं बोलावं तर आबांची ताकीद, गप्प राहावं तर परक्याची बायको गाडीत! त्यानं देवाचं नाव घेतलं आणि बैल हाकले. तीन घरं जात नाहीत तोच हाक आली.

"झुलालभाऊ! ओ झुलालभाऊ!"

ताईबाई ओट्यावरून धावत येत होती.

"हा तर धनसिंग," जीवराम म्हणाले.

"धनसिंग कसाना! मना सख्खा भाऊ शे हाऊ!"

झालं! सगळा बोळ गोळा झाला. दोन नावं, एक गाडी, आत दुसऱ्याची बाई. बायका पळवणारी टोळी असली पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. कोणी तरी शिपायाला घेऊन आलं.

"मी झुलाल. उखर्डूआबाना पोऱ्या, भडगावकडना," झुलाल रडकुंडीला येऊन म्हणाला. "तुमनं भेव वाटे म्हनीसन खोटं बोलनू."

लोक पोट धरून हसले. धुरपदाबाई हसली नाही.

"म्हणजे माह्या भाऊनं कोणालेच धाडलं नाही," ती म्हणाली.

जीवरामांना फार वाईट वाटलं. गाडीजवळ जाऊन ते हळूच म्हणाले, "उतर बरं खाली. लोक बघताहेत."

"बघू द्या. पाच वर्सांनी मुराळ्याच्या गाडीत बसली मी, आता उतरत नसते. बोदवड नाही तं भडगाव!"

ताईबाईनं आपलं गाठोडं आत फेकलं आणि तिच्याशेजारी चढून बसली. "चाल अक्का. मन्ही माय तुले बी झोका बांधी."

जीवरामांनी शिपायाकडे पाहिलं.

"फिर्याद कशाची लिहू साहेब?" शिपाई म्हणाला. "बाई तर आपणहून चढलीय."

पुढच्या आखाजीपर्यंत धुळ्यात सगळीकडे पसरलं होतं की भडगावकडची माणसं भारी वाईट. खोटं नाव सांगतात, तीन वाट्या शिरा खातात आणि दिवसाढवळ्या घरातली बाई घेऊन जातात. त्या बोळात तिकडची गाडी शिरली रे शिरली की पुरुष धावत जाऊन दारं लावून घेत. पण तोवर बायका गाठोडी घेऊन ओट्यावर आलेल्या असत.