गाण्याच्या तासाला मशीन

आमच्या शाळेत वर्गाबाहेर उभं राहण्याची शिक्षा झालेला शेवटचा इसम पन्नाशीचा होता. पोपट मिस्त्री, मुक्काम वाघोली. गुन्हा : नववी 'ब'ला बीजगणित चालू असताना हातोडा मारणे. शिक्षा सुनावणाऱ्या आमच्या पर्यवेक्षिका, तांबोळी बाई.

"बाई, पन घंटा ऐकूच आली नाय," मिस्त्री म्हणाला.

"हातोडा थांबवला असता तर आली असती," बाई म्हणाल्या, आणि मिस्त्री खरोखर दहा मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

शाळेची दुरुस्ती भर सत्रात निघाली तेव्हा मुख्याध्यापकांनी हात टेकले. बाईंनी मात्र गवंड्यांचंच वेळापत्रक केलं. तोडफोड मधल्या सुट्टीत आणि पी.टी.ला. गणिताला फक्त रंगकाम. इतिहासाला गिलावा, कारण "तेव्हा मुलं तशीही झोपलेली असतात." कुणी काही सुचवलं की बाईंचा एकच प्रश्न : "आवाज कोणत्या तासाला?" एकदा चहावाल्याने किटली आपटली, तर त्यालाही हेच विचारलं.

आणि फरशी कापायचं मशीन? ते गाण्याच्या तासाला. मी या शाळेत गाणं शिकवतो.

"बाई, गाण्याचा तासही तासच असतो," मी म्हणालो.

"असतो ना. पण तुमची आठवी आणि ते मशीन यांत मशीन निदान एका पट्टीत असतं."

गॅदरिंग तीन आठवड्यांवर आलेलं आणि समूहगीताचं एक कडवं धड बसेना. मी चांगलाच भांडलो. तेव्हा बाईंनी माझा वर्ग तिसऱ्या मजल्यावरून उचलून तळमजल्यावर, स्वतःच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात आणून टाकला. नजर ठेवायला, दुसरं काय! मी मुलांना मुद्दाम जोरात गायला लावलं. एरवी टाचणी पडली तरी बाहेर येणाऱ्या बाई त्या तासाला एकदाही बाहेर आल्या नाहीत.

गॅदरिंग पार पडलं. समूहगीत पहिल्या कडव्यापर्यंत उत्तम झालं. पुढे दुरुस्तीही संपली, मिस्त्री सामान घेऊन गेला. तरी फळ्यावरच्या नव्या वेळापत्रकात लिहिलेलं : 'गाणे – व्हरांडा. वरच्या खोलीचे काम अपूर्ण.'

मी वर जाऊन पाहिलं. रंग वाळलेला, फरशी चकचकीत, दाराला नवी कडी. तणतणत खाली आलो.

"बाई, वरचं काम तर केव्हाच संपलंय!"

"संपलंय," त्या म्हणाल्या. मग हजेरीपट मिटून ठेवला. "सर, आमचे तांबोळी रोज दाढी करताना गायचे. अगदी बेसूर. मी ओरडायचे त्यांच्यावर. ते गेल्याला दोन वर्षं झाली, घरात आता कसलाच आवाज नाही. तुमची आठवी थेट त्यांच्यासारखी गाते हो."

मला माझीच लाज वाटली. इतके दिवस या बाईंना मी मनातल्या मनात काय काय बोललो होतो!

"गाण्याचा तास इथेच घेतो," मी म्हणालो.

"घ्या. आणि सर, त्यांना फार सुधारू नका."